एका क्रियापदाची दुरुस्ती

समस्त नाशिककरांना, आणि विशेषकरून दिंडोरीकडच्या आमच्या सोयऱ्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की आमच्या घरातले एक क्रियापद चुकले असून, ते जागेवर जाऊन दुरुस्त करण्यासाठी दोन प्रौढ स्त्रिया पोर्तुगालला जाऊन आल्या आहेत. पैकी गुडघे दुखणारी स्त्री म्हणजे माझी थोरली बहीण आणि जीभ कधीच न दुखणारी ती मी. 'कळविण्यात येते' यातलं 'येते' तेवढं लक्षात ठेवा. सगळं रामायण त्यावरच आहे.

घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण इतरांच्या घरी ती रीत असते, ताईच्या घरी तो कायदा आहे. मेहुणे ज्या सकाळी बागेत गेले आणि तिथेच कोसळले, त्या सकाळी ते काही न बोलताच बाहेर पडले होते. तेव्हापासून ताई उंबऱ्यावर फौजदारासारखी उभी असते. एकदा मी स्कूटर चालू करून "चल, जाते" म्हणाले, तर तिने मला स्कूटर बंद करायला लावली, घरात नेऊन बसवलं, पाणी पाजलं आणि नव्याने निघायला लावलं.

अशा बाईच्या एकुलत्या एका मुलीने, द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या मुलीने, वाइन बनवण्याचं शिक्षण घ्यायला पोर्तुगालमधल्या पोर्तोला जाताना मुंबईच्या विमानतळावर दाराशी मागे वळून म्हणावं, "चल आई, जाते!" आणि काचेच्या आत निघून जावं!

"येते म्हन!" ताई ओरडली. काच जाड होती.

ताई दाराकडे धावली. बंदूकवाल्या जवानाने हात आडवा केला. "माताजी, पीछे."

"भाऊ, तिचा एक शब्द ऱ्हायलाय."

"फोन कीजिए."

फोन केला. पोरीचा फोन तेव्हा तपासणीच्या ट्रेमध्ये पडून एकटाच वाजत होता. पुढे तिने कितीदा तरी फोनवरून "येते, येते, येते, झालं?" म्हणून दाखवलं. पण ताईचं म्हणणं, फोनला उंबरा नसतो.

शिक्षण संपलं. पोरगी तिथेच नोकरीला लागली. "यंदा येशील ना?" या प्रश्नाला "बघू" हे उत्तर येऊ लागलं. ताई स्वतः आयुष्यभर नाही म्हणायच्या ऐवजी 'बघू' म्हणत आली, त्यामुळे तो शब्द तिला पाठ होता. या फेब्रुवारीत द्राक्षं उतरली आणि ती मला म्हणाली, "एप्रिलची छाटणी तोंडावर हाय. पोरगी येनार असंल तर छाटते. नसंल तर औंदा बाग तोडून टाकते. माझ्याच्यानं नाय होत आता. पन आधी त्यो शब्द नीट करून घेऊ. समदं त्याच्यामुळंच अडलंय."

मी हसले नाही. खरं तर मी फार हसले, पण बाथरूममध्ये जाऊन.

पोर्तो हे नदीच्या दोन्ही काठांवर चढत गेलेलं जुनं दगडी शहर आहे. इतकं चढाचं की तिथे भाजी आणायला जाणंसुद्धा सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढल्यासारखं. पलीकडच्या काठावर वाइनची जुनी गोदामं, काळोखी, थंड. त्यातल्याच एकात आमची पोरगी कामाला. तिने आम्हाला आत नेलं. माणसाएवढी लाकडी पिंपं ओळीने आडवी पडली होती.

"याला इथं पीपा म्हणतात, आई."

"पिंपच की गं!" ताईचा चेहरा उजळला. मग पोरीने तिला तिथेही चालणारा एकेक शब्द काढून दाखवला. चावी, साबण, बटाटा, पगार. ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "समदं आपल्याकडनं उचलून आनलंय मेल्यांनी!"

"उलटं आहे, आई. यांनी जहाजातनं आपल्याकडे नेलं. हे शब्द गेले आणि तिकडेच राहिले."

"परत न्हाई आले?"

"कशाला येतील? चांगले रुळले की."

मी टाळी द्यायला हात पुढे केला होता. तो तसाच पिंपावर ठेवला. पिंप गार होतं.

पोरीचं घर चढाच्या टोकाला, तळमजल्यावर. वर घरमालकीण, एक काळे कपडे घालणारी म्हातारी. दाराला ग्रॅनाइटचा चांगला रुंद उंबरा. तो पाहून ताईने डोळे मिटून नमस्कारच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी कामाला निघाली. पायांत बूट, खांद्याला पिशवी, तोंडात अर्धा पाव. उंबरा ओलांडला, वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, येते गं!"

मी अक्षरशः नाचले. मोहीम फत्ते! मी ताईला मिठी मारायला गेले, तर ती खाली खुर्चीवर बसलेली.

"अगं, म्हणाली ना! उंबऱ्यावरनं म्हणाली!"

"ह्या घराला म्हनाली," ताई म्हणाली. "ती हितं येनार हाय. संध्याकाळी."

आणि ती आलीही. रोज आली. रोज सकाळी 'येते' म्हणायची आणि रोज संध्याकाळी यायची. इतका पाळलेला शब्द मी उभ्या जन्मात पाहिला नाही. ताई दिवसभर खिडकीत बसून समोरची निळ्या फरशांची भिंत बघायची. मी नकला केल्या. घरमालकिणीची चाल करून दाखवली, ट्रामचा आवाज काढला. ताई म्हणायची, "तू गप, नाटकवाली." एरवी ती हे हसत म्हणते.

रविवारी पोरीने आम्हाला आगगाडीने नदीच्या वरच्या खोऱ्यात नेलं. डोंगराला पायऱ्या पाडलेल्या, त्यावर द्राक्षवेली. एकीवरही पान नाही. ताईने वेलीला नख लावून बघितलं.

"वाळल्या का गं?"

"झोपल्यात, आई. थंडीत झोपतात. आता उठतील."

"आपल्या न्हाई झोपत."

"आपण झोपू देतो का? एप्रिलला छाटा, ऑक्टोबरला छाटा, मध्ये फवारे. वेलही नाही झोपत आणि माणसंही." तिने ते भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. उलट ताईच्या स्वेटरचं वरचं बटण लावत म्हटलं होतं. त्यामुळेच मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिथून परततानाच मला सगळं कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण माझ्यासारख्या बाईला दुःख कळलं की एकच उपाय सुचतो, प्रयोग लावायचा.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात आली. ताई बॅगेवर बसून राहिली. "शब्द घेतल्याबिगर मी नाय उठनार."

"पण आई, निघालीयेस तू. मी कुठे चाललेय?"

"तवाचा म्हन. ऱ्हायलेला."

"थांबा!" मी कॉलेजात नाटकं बसवली आहेत. "हा उंबरा म्हणजे मुंबईचा विमानतळ. ताई, तू आत. पोरी, तू बाहेर हो, ही पिशवी घे खांद्याला. मी जवान." मी छत्री बंदुकीसारखी धरली. "माताजी, पीछे!"

ताई खुदकन हसली. किती दिवसांनी हसली! पोरगीही हसली. वरून घरमालकीण डोकावली, तिला काय वाटलं कोण जाणे, तीही हसली. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, तर मी त्याच्यावरही छत्री रोखली.

"हां, आता वळ. आईकडे बघ. आणि बोल, एकच शब्द."

पोरगी वळली. रिकामी पिशवी खांद्यावर, अगदी तेव्हासारखी. ताई उंबऱ्याच्या आत उभी, दोन्ही हात चौकटीला, ओठ आधीच हलत होते. लहान मुलाला पाढा म्हणायला लावताना आई आधी स्वतः ओठ हलवते ना, तसे. ये. ते.

पोरीने तोंड उघडलं. तिचं हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं. मी छत्री खाली करायला विसरले होते.

"आई," ती एकदम बोलून गेली, "मी तेव्हा चुकून नव्हतं म्हटलं."