आमच्या डेटात आई ती गोळी घेतच नव्हती

मंडळी, आज ऑफिसात सगळ्यांसमोर मला रडू आलं.

मी ठाण्यात डेटाचं काम करतो. बऱ्याच हॉस्पिटलांतल्या पेशंटच्या नोंदी नावं काढून आमच्याकडे येतात. कुठलं औषध कोणाला बाधतं, ते आम्ही त्यातून शोधतो. सध्या गुडघेदुखीच्या एका गोळीने किडनी खराब होते का, ते बघतोय.

दुपारी निकाल आला. गोळी घेणारे आणि न घेणारे, दोघांत फारसा फरक नाही. सर खूश. "चला, गोळी सेफ दिसतेय!"

या नोंदींत डोंबिवलीचं ते हॉस्पिटलही आहे, जिथे माझी आई किडनी फेल होऊन वारली. म्हणजे आईही यात आहे.

तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलेलं, "बीपीशिवाय आणखी कुठलं औषध घेता?"

"नाही हो, काही नाही."

मेडिकलमधून सुट्ट्या आणलेल्या त्याच गोळ्या तेव्हा तिच्या पर्समध्ये होत्या. रोज खायची, शेजारच्या काकूंनाही द्यायची. नंतर मी ओरडलो तर म्हणाली, "अरे, ते काय औषध आहे का? दुखलं की घ्यायची गोळी ती."

म्हणून आमच्या डेटात आई 'न घेणाऱ्यांत' बसलीय, म्हणजे गोळी न घेताही किडनी जाते असं दिसतं. तिच्या मरणानेसुद्धा त्या गोळीचीच बाजू घेतली.

सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अशा किती आया असतील रे यात?"

तुमच्या आईला 'औषध काय घेतेस' असं नका विचारू. 'दुखलं की काय घेतेस' असं विचारा. माझ्या आईला कोणी तसं विचारलं असतं, तर तिने लगेच पर्स उघडून दाखवली असती. वर डॉक्टरांनाही एक दिली असती.