पालथ्या हाताचा दत्ताराम

दत्ताराम कुणाकडे चहाला आला तरी आधी बसत नसे. दारातूनच विचारी, "मीटर खंय आसा?" मीटर बघून झाला की पडवीतून माजघरात, तिथून थेट स्वयंपाकघरात. फ्रिजजवळ थांबून खिशातला टेस्टर काढी, तो लावून बघी आणि मग उजव्या हाताची बोटं पालथी करून फ्रिजच्या दाराला हलकेच टेकवी, ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघावं तशी. काही लागलं नाही की मग खुर्चीवर येऊन बसे. तोवर चहा निवलेला असे. तो तसाच पिऊन टाकी. आमच्या घरावर संशय घेतो, असं बायका त्याच्यामागे म्हणत. ते खरंच होतं.

हात पालथा का, असं मी त्याला एकदा विचारलं. "तळव्यान धरशीत तर मूठ आवळतली. मगे सोडूक जमाचा नाय," तो म्हणाला. "पालथो लावलंस तर हात आपसूक मागे येता. आणि टेस्टरार इस्वास ठेवू नको. तो पण खोटा बोलता."

"मग हातावर ठेवायचा?"

"हातार पण नको."

आम्ही एका वर्गातले. पुढे मी तहसील कार्यालयात चिकटलो आणि तो आयटीआय करून विजेच्या कामात गेला. त्याला कुणी वायरमन म्हटलेलं खपत नसे. "वायरमन खांबार चढता. मी कंत्राटदार. लायसन आसा, फ्रेम करून लावलंय." पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. गवंड्याशी त्याचं भांडण, सुताराशी भांडण. स्वतःच्या साडूच्या घराची जोडणी त्याने मुहूर्ताच्या आदल्या दिवशी उखडून काढली होती, कारण साडूने न सांगता बाथरूमच्या आत प्लग बसवून घेतला होता. साडू पुढे त्याच्याशी बोलला नाही. दत्तारामला त्याचं काही वाटलं नाही. "बोलूक जित्तो तर आसा," एवढंच म्हणाला.

निवृत्तीनंतर मी खाडीच्या बाजूला घर बांधलं. दत्ताराम चिऱ्यांच्या ढिगावर बसला आणि पोलिसासारखे प्रश्न विचारू लागला. चतुर्थीक किती माणसां येतत? गिझर किती? मिक्सर आणि इस्त्री एकाच वेळेक चालता काय? मी म्हटलं, "अरे, वर्षभर आम्ही दोघं आणि आई. कशाला एवढा हिशेब?"

"ह्या वर्साचा घर न्हय, ह्या चतुर्थीचा घर. अकरा म्हयने झोपता आणि चतुर्थीक सगळा एकदम जागा होता. तुमी झोपलल्या घराचा वायरिंग करतास आणि जाग्या घरात जळतास. मी चतुर्थीचो लोड काढतंय."

त्या हिशेबाने गिझरला वेगळी जाड वायर आली, स्वयंपाकघराचं सर्किट वेगळं झालं, मागच्या अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा आला. आमचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि मग वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून त्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. "तुळशीक घालतास, तसा हेका पण घाल," तो सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, बजावून गेला.

मला वाटलं, दुकानदार आणि हा मिळालेले आहेत. मी गुपचूप कुडाळला जाऊन दुसऱ्या दुकानात वायरीची चौकशी केली. त्याला ते कळलं. मला वाटलं, आता भांडणार. तो म्हणाला, "चौकशी केलंस ती बरी केलंस. माझ्यार पण संशय व्हयोच."

त्याचा सगळ्यात लाडका होता तो एक खटका. पुस्तकात त्याला आरसीसीबी म्हणतात. दुसरे खटके लोड वाढला की पडतात. हा वेगळा. घरात गेलेली वीज तेवढीच परत आली का, हे तो बघत राहतो. "गेलली पोरां सांजची परत इली काय, ह्या तो मोजता. एक जरी कमी झाला तर दार बंद. कारण ता पोर कोणाच्या तरी अंगातसून गेला आसतला." त्या खटक्यावर एक छोटं बटण होतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला तर ठीक, न पडला तर त्याला फोन करायचा. आम्ही ते बटण कधी दाबलं नाही. बटण दाबून उगाच घरात काळोख कोण करील?

नव्या घरातल्या पहिल्या चतुर्थीला माझा धाकटा भाऊ विनायक मुंबईहून बिऱ्हाडासह आला. घर अगदी दत्तारामने सांगितलं तसं जागं झालं. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधली होती. परक्यांसाठी सांगतो, माटवी म्हणजे लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळाची लाल फळं, रानातल्या हिरव्या वेली टांगतात. विनायकाने फळं बारीक तारेने बांधली आणि मुंबईहून आणलेली लुकलुकती माळ त्या ओल्या पाल्यात गुंफली. दिसत मात्र सुरेख होतं. संध्याकाळची आरती अर्ध्यावर आली आणि खटका पडला. वर केला, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

आई पाटावर बसली होती. म्हणाली, "देवाच्या फुड्यात काळोख बरो नाय रे."

मी दत्तारामला फोन लावला. "माटवीरची माळ काढ," तो म्हणाला. "ओल्या पाल्यात वीज गळता. खटको चोर पकडता हा, तेका गाळी कित्याक घालतंस? मी सकाळी येतंय."

स्विचांच्या पेटीजवळ आम्ही दोघंच होतो. विनायक हसला. "खटको पडतलो, तू फोन करतलंस, तो येतलो. धंदो आसा भाऊ तो. असले खटके आमच्या कंपनीत आमी डायरेक्ट करतो." डायरेक्ट करायचं म्हणजे खटक्याला बाजूला ठेवून वायर परस्पर जोडायची. त्याने माझ्याकडे पाहिलं. घर माझं होतं. मी हो म्हटलं. त्याने मेन बंद केला, वायरचे दोन तुकडे घेतले आणि मी टॉर्च धरला. आरती पुन्हा सुरू झाली. त्या वेळी दत्तारामबद्दल माझ्या मनात काय होतं ते लिहितो. बरी जिरवली, असं होतं.

सकाळी, दत्ताराम यायच्या आधीच, विनायक अंघोळ करून ओलेत्याने, अनवाणी देवासमोर आला. एक कवंडळ तिरकं झालं होतं, ते सरळ करायला त्याने हात वर केला. तळहात. मी मेनकडे धावलो, पण उशीर झाला होता. मला आजही दिसतं ते एवढंच, की मी मेन पाडेपर्यंत ती माळ लुकलुकत होती. काही पडलं नव्हतं.

त्याला गाडीत घालून लोक दवाखान्यात निघाले. मी पाकीट घ्यायचं म्हणून मागे राहिलो आणि स्क्रूड्रायव्हरने ते वायरचे दोन तुकडे काढून टाकले. पोलिसांची भीती होती. आईला कळेल की धाकट्याने आपल्या हाताने केलं आणि थोरल्याने उजेड दाखवला, ही त्याहून मोठी. आमच्या सुतकामुळे शेजाऱ्यांनी गणपती विसर्जनाला नेला. निर्माल्यासोबत ते तुकडेही समुद्रात गेले.

चौकशीला विजेचे एक साहेब आले. दत्तारामही आला. चप्पल काढायच्या आधी मीटर बघितला नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. साहेबांनी खटक्याचं बटण दाबलं. खटका पडला.

"हा तर चालतोय," साहेब म्हणाले. "मग त्या वेळी का पडला नाही?"

दत्ताराम पुढे होऊन वाकला. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने स्क्रू पंधरा दिवसांत काळवंडतात. त्या खटक्याचे स्क्रू चकचकीत होते, ताज्या ओरखड्यांचे. त्याने एका स्क्रूवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पलीकडे, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आईकडे.

"कधीकधी अडकतो, साहेब," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "दमट हवा आहे."

ज्या माणसाने टेस्टरवर विश्वास ठेवला नाही, स्वतःच्या हातावर ठेवला नाही, त्याने स्वतःच्या कामाविरुद्ध खोटी साक्ष दिली. कागदावर अपघात अशी नोंद झाली. गावाने मात्र आपला निकाल वेगळा लावला. दत्तारामाच्या खटक्याचा काय खरा नाय, असं आधी तिठ्यावर आणि मग मासळीबाजारात ऐकू येऊ लागलं. देवळाच्या जत्रेची रोषणाई वर्षानुवर्षं त्याची. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "यंदा कुडाळचो माणूस बघूया." समितीत मी होतो. चटईची काडी उपसत बसलो.

मला वाटलं होतं, तो येईल. काहीतरी मागेल. निदान एकदा खडसावून विचारील. तो आला नाही आणि माझा संशय वाढत गेला. हा गप्प का आहे? योग्य वेळेची वाट बघतोय का? बायकोला सांगितलंय का? सुमनला काही बोललाय का? बाजारात तो समोरून दिसला की मी रस्ता बदली. गाठ पडलीच, तर तो दोनच गोष्टी विचारी. उन्हाळ्यात, "अर्थिंगाक पाणी घालतंस मगे?" आणि एरवी, "बटन दाबतंस मा?" मी हो म्हणे. प्रत्येक वेळी मला त्यात धमकी ऐकू येई. घरी येऊन मी ते शब्द उलटसुलट करून बघे. आज वाटतं, तो खरोखर अर्थिंगबद्दलच विचारत असावा. पण खात्रीने सांगता येत नाही.

आई गेली. ती गेल्यावर सांगायचं, असं मी मनाशी धरलं होतं. नाही सांगितलं. दत्तारामकडे तोवर पंपाची आणि पंख्यांची किरकोळ कामं उरली होती. शर्ट कडकच असे.

गेल्या वैशाखात तो दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. हृदय बंद पडलं. मुलगा पुण्याहून निघाला होता, पोचायला सकाळ होणार होती. उकाडा भयंकर, म्हणून कुणीतरी टेंपोतून शवपेटी मागवली. थंड करणारी, काचेच्या झाकणाची. त्याला आत ठेवलं, पडवीतल्या प्लगमध्ये पिन घातली आणि घरातला खटका पडला.

वर केला. पडला.

"मेलो तरी ह्येचो खटको काय गप बसना नाय," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं तोंड फिरवून हसले. पेटीवाला घाईत होता. "असल्या घरांत आमी डायरेक्टच करतो. वायरीचो तुकडो मिळात काय?"

माझे पाय आपोआप स्विचांच्या पेटीकडे गेले आणि मी तिच्यासमोर उभा राहिलो. "डायरेक्ट करू नका," मी म्हणालो. "पेटीत वीज गळता हा. पिन काढा."

"भाऊ, मढ्याक काय शॉक लागतलो?"

"पेटीक हात कोण लावतला? पायांक कोण शिवतला?" मी विचारलं. पेटीच्या कडेला दत्तारामची बायको, शालिनीवहिनी, धातूच्या चौकटीवर हात ठेवून बसली होती. तिने हात काढून घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि आता थांबणं शक्य नव्हतं. "आमच्या घरात असोच डायरेक्ट केललो. विनायकान केल्यान, मी टॉर्च धरलंय. तो गेलो तेव्हा खटको कामारच नव्हतो. मगे तुकडे मीच काढलंय. दत्तारामाक ता कळला होता. तो गप रवलो. तेची काय एक चूक नव्हती."

 जे हसले होते ते खाली बघू लागले. शालिनीवहिनीने पेटीच्या काचेकडे बघितलं. मग म्हणाली, "आता सांगतास, भावजी? तेंच्या कानार पडाक व्हया होता."

तिला आधीपासून माहीत होतं की तेव्हाच कळलं, ते मला समजलं नाही. विचारायचा हक्क मला नव्हता.

पेटी परत गेली. जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यातून मासळीच्या बर्फाच्या लाद्या आणल्या. त्या फोडून भुसा घालून त्याच्याभोवती रचल्या. मीही रचल्या. बर्फाने बोटं बधिर झाली तेव्हा एकदा माझा पालथा हात त्याच्या हाताला लागला. खटका सकाळपर्यंत वरच होता. पडवीतला दिवा आणि पंखा चालू राहिले.

त्या दुपारी पडवीत मोजकी माणसं होती. दत्तारामाच्या खटक्याची गोष्ट मात्र वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत पोचली आहे. माझं त्या दुपारचं बोलणं तिथवर पोचणार नाही, म्हणून हे लिहिलं. ज्यांनी ती ऐकली, त्यांनी हेही वाचावं.

आता दर महिन्याला मी ते बटण दाबतो. फट् आवाज होतो, पंखा हळूहळू थांबतो, फ्रिजची घरघर बंद पडते. सुमन स्वयंपाकघरातून विचारते, "पडलो?"

"पडलो," मी सांगतो. मग खटका वर करतो.