दसऱ्यानंतरची गाठोडी

केजमधले आमचे शेजारी बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. लहानपणी दर हिवाळ्यात, दसरा झाला की, आईवडील भांडी बांधून, ह्यांना आजीकडे ठेवून ऊसतोडीला जायचे. हे स्वतः कधीच गेले नाहीत, तरी दसरा झाला की घरची भांडी गाठोड्यात बांधतात. तव्यासाठी वहिनींना रोज गाठी सोडाव्या लागतात.

“कुठं निघालात?” मी दरवर्षी विचारतो.

“कुठंच न्हाई, भाऊ. बांधलं न्हाई तर झोप येत न्हाई.”

यंदा त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीनंही बाहुली आणि चपला बांधून गाठोडं उशाला घेतलं. मी हसलो. ती बापाला म्हणाली, “तुमी मला इसरून गेलात तर?”

ते हसले नाहीत. सकाळी माझं ड्रिल मशीन मागून नेलं आणि भिंतीला लोखंडी मांडणी बसवली. आठ स्क्रू पुरले असते. त्यांनी चाळीस मारले.

“लई झाले की! भिंत पडंल,” वहिनी म्हणाल्या.

“पडू दे. मांडणी हालायची न्हाई.”

मुलगी मांडणीला लोंबकळली. मांडणी हलली नाही. मग त्यांनी भांडी सोडून तिच्यात लावली. मुलीनंही आपलं गाठोडं सोडलं आणि चपला थेट ताटांच्या खणात ठेवल्या. वहिनींनी तोंड उघडलं, तसं शेजाऱ्यांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि ताटं उचलून खाली जमिनीवर मांडली.