दुसऱ्या वर्षाची जागा

तुकाराम घाग म्हणजे वर्षाची सुट्टी गणपतीलाच घेणारा, अस्सल संगमेश्वरकडचा माणूस. बारा वर्षं बहारीनमध्ये, जुफैरच्या इमारतींत एसी दुरुस्त करतोय. हात मेकॅनिकचा आणि पगार हेल्परचा! का, तर सर्टिफिकेट नाही. ते मिळालं की पगार वाढणार, मग फॅमिली व्हिसा, मग बायको मंगला आणि लेक भक्ती इकडे. म्हणून ड्यूटी सुटली की तो अदलियातल्या कम्युनिटी कॉलेजात जायचा. फी तिथलं सरकार भरायचं, प्रत्येकाच्या नावाने मंजूर झालेल्या अनुदानातून. एक वर्ष पार पडलं होतं, एक राहिलं होतं.

यंदा गावी गणपतीत आरती झाल्यावर त्याने चारचौघांत सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी आम्ही तिघं तिकडे. भक्तीने शाळेतही सांगितलं.

रोमिंगची कटकट नको म्हणून बहारीनचा फोन त्याने झिंज भागातल्या खोलीवर, सोबत राहणाऱ्या प्रवीणजवळ ठेवला होता. प्रवीण गावचाच, भावासारखा. दुसऱ्याच दिवशी कॉलेजचा इंग्रजी मेसेज आला. कॉलेज बंद होतंय, एवढं प्रवीणला कळलं. पण घरात गणपती बसलेला असताना वाईट बातमी कोण कळवतो? विसर्जन होऊ दे, मग बघू, म्हणून बिचारा गप्प राहिला. खालच्या ओळी त्याने वाचल्याच नाहीत. सात दिवसांत याच फोनवरून 'हो' कळवा, तुमचं अनुदान दुसऱ्या कॉलेजात जाईल, असं त्यात होतं.

तुकाराम परतला तेव्हा ते सात दिवस उलटून गेले होते. प्रवीणकडून कळताच तो थेट कॉलेजात गेला. वर्गातले फळे व्हरांड्यात उभे करून ठेवलेले. ऑफिसातल्या जुबैदा मॅडमनी शांतपणे समजावलं. ज्यांनी हो म्हटलं, त्यांचे पैसे त्यांच्याबरोबर नव्या कॉलेजात गेले, उरलेल्यांचे सरकारजमा. पुन्हा योजना निघाली तर पहिल्यापासून सुरुवात, आणि कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नाही.

"लेकिन मॅडम, मेरे नाम का तो मंजूर था ना?"

"था, भाई. अब खलास."

खोलीवर प्रवीण मान खाली घालून बसला होता. राग तरी कुणावर काढायचा? तुकारामने बॅगेतून मंगलाने दिलेला करंज्यांचा डबा काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी भक्तीचा फोन आला. तिकडच्या शाळेला हेच दप्तर चालेल की नवीन घ्यायचं, एवढंच तिला विचारायचं होतं.

"हेच राहू दे गो बाय," तो म्हणाला. "पुढच्या गणपतीला मीच येतो."