झाकणाखाली मावणारा पंखा

झाकण काही केल्या बसेना. दोन मिलिमीटर, फक्त दोन मिलिमीटरचा फरक. पण ज्याचं आयुष्य मापं घेण्यात गेलं त्याला विचारा, दोन मिलिमीटर म्हणजे काय ते. मी वरून तळहाताने जोर लावला तशी मुलगी ओरडली, "बाबा, दाबू नका! तलावाची पाळ आहे का ती?"

दिवाळीचे दिवस होते. मुलगी नोकरीला पुण्यात, आणि या खेपेला येताना कपड्यांपेक्षा खोकीच जास्त घेऊन आली होती. तिची आई जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. मी पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेला सर्व्हेअर. मूळ गाव केशोरी. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावतलाव बांधले, आणि मी नोकरीभर त्याच तलावांची मापं काढत फिरलो. आता गोंदियाजवळ कुडव्यात तीन खोल्यांचं घर आणि त्यात मी एकटा. "दिवसभर भिंतीकडे पाहत बसता तुम्ही," मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला कॉम्प्युटर बांधून देते. एवढुसा. आईचा रेडिओ होता ना, त्या फळीवर मावेल असा."

तीन खोल्यांत एक माणूस, आणि जागा कशाची वाचवायची, हे मला कळेना. पण पोर हौसेने करून राहिली होती, म्हणून गप्प बसलो. डबा खरंच एवढुसा होता, जाडजूड शब्दकोश आडवा ठेवावा तेवढा. आत सगळं नीट बसलं. फक्त प्रोसेसर नावाची जी चौकोनी चकती असते, जी काम करताना तापते, तिच्यावर बसवायचा पंखा निघाला उंच. चकतीसोबत खोक्यात जो फुकट येतो, तोच. धातूचा ठोकळा, त्यावर पंखा, आणि त्याच्यावर दोन मिलिमीटर अधांतरी असलेलं झाकण.

सुटी संपली. झाकण तसंच उघडं टाकून ती गेली. जाताना गाडीच्या दारातून म्हणाली, "याला बुटका कूलर लागतो बाबा, लो-प्रोफाइल म्हणतात. मी पाहते, तुम्हीही पाहा. आपण फोनवर ठरवू."

आता फोनचं सांगायला पाहिजे. तिची आई होती तोवर फोन तिचाच असायचा. मायलेकी तासभर बोलायच्या, आणि अगदी शेवटी "घ्या, पोरीशी बोला" म्हणून तो माझ्या हातात यायचा. मी "पैसे आहेत ना?" विचारायचो आणि परत द्यायचो. झालं माझं बोलणं. ती गेल्यावर फोन आपोआप माझ्याकडे आला, पण बोलणं काही आलं नाही. रविवारी पोरगी करायची. "जेवलात?" "जेवलो." "काय केलं होतं?" "वरण-भात." "बरं. ठेवते मग." मी फोन हातात धरून बसायचो, आणि घर खायला उठायचं. दोघांनाही काही सांगायचं नव्हतं असं नाही. सांगायचं कसं तेच माहीत नव्हतं, कारण ते खातं तिच्या आईचं होतं.

आणि आता घ्या! या बुटक्या पंख्याने आम्हाला बोलायला लावलं.

आमच्या घरामागे राइस मिल आहे. तिचा बारीक कोंडा दिवसरात्र उडतो. तारेवरचं धोतरसुद्धा झटकून घ्यावं लागतं. बिनझाकणाचा डबा म्हणजे कोंड्याला आवतनच. आठवडाभरात आतल्या हिरव्या सर्किटच्या पाटीवर तपकिरी साय धरली. मी फोन केला. मी! रविवार नसताना! पोरगी घाबरली, "काय झालं बाबा?" मी म्हटलं, "काही नाही, कोंडा झाला."

मग शोध सुरू झाला. गोंदियाच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "अंकल, इतना छोटा गोंदिया में कोई पूछता ही नहीं. बड़ा डिब्बा ले लो, झंझट खतम." मी म्हटलं, "बेटा, घर में जगह तो बहुत है, वही तो झंझट है." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी पोरीला माझी एक युक्ती सांगितली. आपला उन्हाळ्याचा मोठा कूलर आहे ना खिडकीतला, गवताच्या जाळ्यांचा, त्याच्या झोतातच हा डबा ठेवून देऊ. झाकण नको, बुटका पंखा नको, काही नको. थंडगार राहील. पलीकडे भडकाच उडाला. "बाबा! ओली हवा असते ती! पाणी जाईल आत, गंज चढंल! तुमाले काई समजते का नाई?" पुण्याला गेल्यापासून तिची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती, रागावली की मात्र सगळी झाडी बोली परत यायची. हुबेहूब आईसारखी रागावायची. मी शिव्या खाल्ल्या आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

पुढचे कितीतरी दिवस आमचं हेच. झाकणाखाली नेमकी किती जागा आहे ते तिने विचारलं. पट्टी आत जाईना. मग मी कणकेचा गोळा प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून चकतीवर ठेवला, झाकण हळूच बसवलं, उघडलं, आणि चपटलेल्या गोळ्याची जाडी मोजली. पंचेचाळीस मिलिमीटर. हे ऐकून पोरगी इतकी हसली, इतकी हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आई गेल्यावर ती हसलेली मी पहिल्यांदा ऐकली. "मग त्या कणकेचं काय केलं?" तिने विचारलं. "पोळी केली," म्हटलं. पुन्हा हसली.

तिने तीन पंखे शोधून काढले होते. पहिला सगळ्यांत बुटका, पण त्याचं पातं लहान. लहान पातं जोरात फिरतं आणि डासासारखं किणकिणतं. दुसरा बरोब्बर पंचेचाळीसचा. म्हणजे बसेल, पण झाकणाच्या जाळीला चिकटून. हवा ओढायला जागा नाही, घुमणार. मी सांगितलं, "हे पाहा, तलाव कितीही चांगला बांधा, पाणी जायला सांडवा ठेवला नाही तर पाळ फुटते. तसंच उष्णतेचं. वाट ठेवावीच लागते." ती म्हणाली, "बाबा, ऑफिसात हेच शिकवायला आम्हाला एक तास लागतो." तिने चेष्टा केली की कौतुक, कोण जाणे. मला कौतुक वाटलं.

तिसरा होता सदतीसचा. खाली तांब्याच्या नळ्या, वर मोठं पण पातळ पातं, आणि जाळीपर्यंत आठ मिलिमीटर मोकळी वाट. अडचण एवढीच, की त्याचे पत्रे बाजूच्या मेमरीच्या पट्ट्यांवर येणार. मी त्याही मोजल्या. नखभर जागा उरत होती. उरत होती हे मला पहिल्याच मोजणीत कळलं होतं. तरी मी म्हटलं, "पुन्हा मोजून सांगतो." पुन्हा मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिकडे इंटरनेटवर लोकांनी लिहिलेलं ती मला वाचून दाखवायची आणि मी खुसपट काढायचो: यांच्या खोलीत वीस-बावीस डिग्री, आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नळाला चहाचं पाणी येतं, यांचं काय ऐकायचं! खरं सांगू का? निवडायची घाई मला नव्हतीच. पंखा ठरला की बोलणं संपणार, याची मला धास्ती बसली होती.

पण ठरला. सदतीसचाच. कुरिअरवाल्याने "अंकल, कुडवा में किधर?" असं दोनदा विचारून आणून दिला.

बसवायचा कार्यक्रम रविवारी, फोन टेबलावर ठेवून. जुना पंखा काढला, चकती पुसली. आता चकतीवर एक राखाडी मलम लावायचं असतं, म्हणजे उष्णता नीट वर चढते. "किती लावू?" "तांदळाच्या दाण्याएवढं." मी थांबलो. "कोणत्या तांदळाच्या?" "म्हणजे?" "म्हणजे बारीक चिन्नोर घेऊ का जाडा? दुप्पट फरक पडतो." ती म्हणाली, "बाबा, जगात लाखो लोकांनी हे मलम लावलं असेल. हा प्रश्न फक्त तुम्हालाच पडला." आम्ही दोघंही हसत सुटलो. शेवटी जाड्या तांदळाएवढं ठरलं. पेचकसाने चार पेच, म्हणजे स्क्रू, आवळले, झाकण ठेवलं. टक करून बसलं, त्याचेही पेच आवळले. डबा सुरू केला तर चालू आहे की नाही कळू नये इतका मुका. तिच्या आईच्या रेडिओच्या फळीवर तो शोभलाही.

"एक काम राहिलं," म्हणत तिने पुण्यातूनच माझ्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बसवलं. प्रोसेसर किती तापला तो आकडा मला पडद्याच्या कोपऱ्यात दिसणार आणि तिला तिच्या मोबाइलवर. "ऐंशीच्या वर गेला की माझा फोन वाजेल. तुम्ही काळजी करू नका."

पहिल्या दिवसांत मला त्याचं फार अप्रूप. ती सांगायची, "आज उशिरा उठलात ना? आठपर्यंत आकडाच नव्हता. दुपारी झोपलात. चारला परत बसलात." मी थक्क. इकडे डबा तापतो आणि तिकडे पोरीला बाप कळतो! शेजाऱ्यालाही सांगून आलो.

मग एक रविवार फोन आला नाही. सोमवारी आला. "अगं, काल?" मी विचारलं. "करणारच होते बाबा, पण आकडा पाहिला, सगळं ठीक होतं," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली. पुढे पंधरवडा गेला. मग महिना. तिचं काम वाढलं होतं, तिला दोष देण्यात अर्थ नाही. आणि पंखा आम्ही निवडला होता असा, की बाप्पा! होळी गेली, ऊन चढलं, तरी आकडा साठाच्या वर जाईना. सगळं ठीकच होतं. बेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. मी त्या आकड्याकडे पाहायचो आणि मला वाटायचं, ही एवढीच माझी खुशाली. बाकी मी सकाळी कुणाशी बोललो का, भाजीत मीठ विसरलो का, तिच्या आईची साडी कपाटातून काढून पुन्हा ठेवली का, ते त्यात कुठे दिसणार?

नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस. दुपारी कुडव्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, राइस मिलही बंद. खिडकीतला मोठा कूलर लावून मी त्याच्यासमोर बसलो. उन्हाळ्यात आम्ही तिघंही याच खोलीत गाद्या टाकायचो. झोताच्या मधली जागा कुणाची यावर मायलेकी भांडायच्या. आता सगळा झोत माझा. मला रडू आलं. उगीच नाही, चांगलं रडू आलं. मग मी उठलो आणि कूलर बंद केला. खोली तापू लागली.

कॉम्प्युटर चालूच होता. त्याला मी एक लांबलचक सिनेमा लावून दिला, शेजारी अजून दोन-चार कामं सुरू करून दिली. आकडा अठ्ठावन्न, बासष्ट, आणि तिथेच थांबला. चांगला पंखा तो. मग मी खुंटीवरचा दुपट्टा घेतला, त्याच्या चार घड्या केल्या, आणि झाकणावरच्या जाळीवर पसरला. बाजूच्या फटीही दाबल्या. जन्मभर सांडवे मोकळे ठेवायला सांगत हिंडलेला माणूस मी, आणि हाताने वाट बुजवून खुर्चीत बसलो.

सत्तर. त्र्याहत्तर. पंखा पहिल्यांदाच आवाज करू लागला, धाप लागल्यासारखा. अठ्ठ्याहत्तर. फोन मी मांडीवर ठेवला होता. ऐंशी. एक्क्याऐंशी.

फोन वाजला.

"बाबा! काऊन तापून राहिला तो? काय झालं? तुमी ठीक आहा ना?" तिच्या मागे माणसांचे आवाज होते, दार लोटल्याचा आवाज आला आणि ते थांबले. मीटिंगमधून बाहेर आली होती.

"मी ठीक आहो माय," म्हटलं. "डबाच तापला."

"जाळीवर काई आलं का पाहा बरं. कोंडा बसला असंल. झाकण खोलून पाहा."

"पाहतो. पेच काढावे लागतात, जरा वेळ लागंल मले. तू फोन नको ठेवजो."

"नाई ठेवत. तुमी पाहा सावकाश," ती म्हणाली. आणि मग थोड्या वेळाने, "जेवलात का बाबा?"

मी दुपट्टा काढून मांडीवर घेतला. आकडा सरसर खाली उतरू लागला. तो तिलाही दिसत असणार, पण तिने फोन ठेवला नाही. मी पेचकस उचलला आणि झाकणाला हात न लावता तो टेबलावर हळूहळू वाजवत राहिलो.