शालूच्या पदराची परीक्षा

मुर्री गावच्या निर्मलाबाई पटलेंचा लग्नातला शालू नाटकातल्या महाराणीला शोभावा असा, गर्द जांभळा. पण पदर पाहाल तर जागोजाग जरीचे धागे निघालेले. शेजारणी विचारायच्या, "काऊन वो, मांजर पाळली काय?" निर्मलाबाई नुसत्या हसायच्या.

त्यांचे यजमान भैय्यालाल मोठे कलावंत. महागड्या पोलादी घड्याळांवर ते वेली कोरत, मोर कोरत, तळ्यातले सारस कोरत. कोरून झालं की त्यांचा अंक संपला. मग रंगमंचावर निर्मलाबाई! कोरलेल्या रेघेच्या काठावर पोलादाचे बारीक काटे उरतात, डोळ्याला न दिसणारे. बांबूची टोकदार काडी घ्यायची, तिला हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावायचा आणि रेघेच्या काठावरून एकाच दिशेने ओढत राहायचं. तळ काळसर राहावा, काठ तेवढा उजळावा. शेवटी घड्याळ शालूच्या पदरावरून फिरवायचं. धागा अडकला, की पुन्हा काडी हातात.

नागपूरहून ही घड्याळं पाठवणारे व्यापारी लोकेंद्रजी अकरा वर्षं ही सफाई भैय्यालालांचीच समजत होते, आणि भैय्यालालांनी तो गैरसमज मोठ्या प्रेमाने जपला होता.

मागच्या महिन्यात लोकेंद्रजी अचानक दारात उभे. खिशातून एक चकाकतं घड्याळ काढून म्हणाले, "भैय्याजी, हे तुम्हीच कोरलेलं, मागे घाईत बिनपॉलिशचं मागवलं होतं ते. पॉलिश मात्र आमच्या नव्या मशीनचं, दहा मिनिटांत! सोमवारपासून फक्त कोरून पाठवा. हाताने काही वेगळं होत असेल, तर आत्ता माझ्यासमोर करून दाखवा."

दाराआड निर्मलाबाईंनी सगळं ऐकलं. अकरा वर्षांचं काम दहा मिनिटांत जाऊन राहिलं होतं.

भैय्यालाल ऐटीत बसले. काडी धरली ती दातवण धरावं तशी. कडकन मोडली. दुसरीही मोडली. तिसरी त्यांनी उलटी धरली.

"भैय्याजी, तबियत ठीक है ना?"

"आज हात जरा..."

"हात बरोबर हाये," आतून आवाज आला, "माणूस चुकीचा बसून राहिला."

आणि काय ती एन्ट्री! खांद्यावर शालू, मुठीत काल पूर्ण केलेलं सारसाचं घड्याळ. निर्मलाबाईंनी पदर लोकेंद्रजींपुढे पसरला. "फिरवा. आधी तुमचं."

मशीनचं घड्याळ अर्ध्या वाटेत अडकलं आणि जरीचा हातभर धागा घेऊनच बाहेर आलं. लोकेंद्रजी कानकोंडे झाले. "अरे भाभीजी, लग्नाचा शालू..."

"एका धाग्याचं कायले मनावर घेता? शंभर तर मीच काढले, शिकता शिकता. आता हे फिरवा."

दुसरं घड्याळ त्या पदरावरून असं सरकलं, जणू त्यावर कधी काही कोरलंच नव्हतं. सारस मात्र डोळ्यासकट जागच्या जागी! लोकेंद्रजींनी ते दोनदा फिरवलं, तीनदा फिरवलं, आणि कपाळाला हात लावला. "बाप रे! या मशीनने माझ्या गिऱ्हाइकांच्या लग्नातल्या शेरवान्या फाडल्या असत्या!"

सोमवारी लोकेंद्रजींकडून घड्याळांचं पार्सल आलं. भैय्यालाल मोठ्याने पत्ता वाचू लागले. "श्रीमती निर्मलाबाई पटले..." ते थांबले. "अन् माझं नाव?"

"खाली पाहा ना."

खाली बारीक अक्षरात होतं: मार्फत, भैय्यालाल.

"चाला," निर्मलाबाई शालूची घडी उलगडत म्हणाल्या, "एक काडी तासून द्या. तेवढी तरी मोडू नका."

भैय्यालाल मुकाट्याने बांबू तासायला बसले.