आधी सूर्य चालवून बघा

वहिनीने नोकरीभर लोकांच्या घरचे दिवे लावून दिले, तेही खुर्चीवरून न उठता. वीज कंपनीच्या तक्रार विभागात ती फोनवर बसायची. अंधारात अडकलेला माणूस आधी ओरडतो, मग रडकुंडीला येतो आणि शेवटी मेन स्विच कुठे असतो ते विचारतो, हा क्रम तिला पाठ होता. ओरडणं संपेपर्यंत ती थांबायची आणि मग विचारायची, "शेजारी दिवे आहेत का?" शेजारी दिवे असले तर बिघाड तुमच्या घरात, नसले तर आमच्या तारेत. माझ्या नाकावर राग असतो, मला हे काम एक दिवसही झेपलं नसतं. खालच्या मजल्यावर माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकाने तीच फ्रेम चौथ्यांदा मागितली की माझा आवाज चढतो, आणि मग वरून वहिनी खिडकीत येऊन बघून जाते.

तिचा नवरा म्हणजे माझा दादा. तो ताऱ्यांच्या अभ्यासातला माणूस. ताऱ्याचा उजेड यंत्रातून फाकवला की रंगांचा लांब पट्टा मिळतो, त्याला वर्णपट म्हणतात. त्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेघा असतात. कुठली रेघ कुठल्या मूलद्रव्याची हे ठरलेलं असतं, आणि ती किती ठळक आहे त्यावरून ते मूलद्रव्य ताऱ्यात किती आहे ते काढता येतं. लोह किती, कॅल्शियम किती, बेरियम किती. हे हाताने करायचं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून दादाने त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव त्याने 'चाळणी' ठेवलं आणि ज्याला हवी त्याने फुकट घ्यावी म्हणून इंटरनेटवर टाकून दिली. सोबत ती संगणकावर बसवायच्या सूचना होत्या आणि तळाशी एक ओळ: अडलं तर मला लिहा. खाली त्याचा मेलचा पत्ता.

लोकांचं अडायचंच. चाळणी दादाने स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या सोयीने लिहिलेली. बाकीच्या जगाने आपापले संगणक दादासारखे करून घ्यावेत, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. मेल आला की तो महिनाभर तसाच ठेवायचा आणि मग उत्तर द्यायचा, तेही असं की वाटावं शब्दामागे पैसे पडतात. बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं, 'आधी सूर्य चालवून बघा.' चाळणीबरोबर सूर्याचा वर्णपट नमुना म्हणून दिलेला होता. सूर्यात लोह किती हे माहीत आहे, त्या लोकांच्या मापात ते साडेसात येतं. तुमच्याकडेही साडेसात आलं तर चाळणी नीट बसली. नाही आलं तर तुमचं काहीतरी चुकलं. दादाचं काही चुकलं असेल, ही शक्यता सूचनांमध्ये कुठेही नव्हती.

दादा गेला त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. हे मी सरळ लिहिते, कारण आमच्या घरात ते सरळ बोलणारी मी एकटीच होते. नातेवाइकांना, बँकेला, दूधवाल्याला मीच सांगितलं. वहिनीच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. कुणाचा फोन आला की ती तो माझ्या हातात द्यायची. माझ्याशी बोलतानाही 'हे म्हणतात' असंच म्हणायची, जणू काही दादा आतल्या खोलीत कागद शोधतोय. एकदोनदा मी टोकायला गेले, तिचा चेहरा बघितला आणि विषय बदलला.

ती त्याच सुमारास निवृत्त झाली. कुठल्याशा बिलासाठी तिने दादाची मेलपेटी उघडली, तर वर एक मेल. चाळणी बसत नाही, लाल अक्षरात काहीतरी येतंय, सर, मदत करा. अंधारातून फोन आला की तिला राहवतच नाही. तिने दादाची जुनी उत्तरं धुंडाळली, तीच तक्रार आधी कुणी केलेली सापडली, तोडगा उचलला आणि पाठवून दिला. वर आपल्या पदरचं एक वाक्य घातलं, 'काळजी करू नका, हे सगळ्यांचंच होतं.' तळाशी दादाचं नाव आपोआप आलं, कारण त्याने ते तसं लावून ठेवलेलं होतं.

"वहिनी, हे बरं दिसत नाही," मी म्हटलं. "दादाच्या नावाने सही?"

"सही मी कुठे करते? ती आपोआप येते."

"मग काढून टाक."

"बघते," ती म्हणाली. तक्रार विभागातल्या माणसाने 'बघते' म्हटलं की काय समजायचं ते ज्याने कधी फोन लावलाय त्याला ठाऊक आहे.

मग तिचा हा धंदाच झाला. सकाळी चहा, मेल, उत्तरं. वर्णपट तिने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण माणसं कुठे ठेचकाळतात ते तिला कळायला लागलं. फोल्डरच्या नावात मध्येच मोकळी जागा सोडणारे असतात, चाळणी त्या जागेशी येऊन अडून बसते. अशा एकाचं नाव तिने 'मोकळ्या जागेवाला' ठेवलं होतं. तो आता कुठेतरी प्राध्यापक झाला होता, तरी नवा फोल्डर केला की पुन्हा तेच करायचा. एक 'घाईवाली' होती, ती सूचनांची पहिली ओळ वाचून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारायची. वहिनी मला त्यांच्या गोष्टी सांगायची, जशी पूर्वी ऑफिसातल्या सांगायची. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. घरात बोलण्यासारखं काहीतरी होतं.

मग 'शंकेखोर'चा मेल आला. ही संशोधन करणारी मुलगी, शेवटच्या वर्षातली, महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. चाळणी विनातक्रार बसली, सूर्य चालवला, तर लोह पावणेआठ. वहिनीने विचारलं, पुन्हा चालवलं का? पुन्हा चालवलं तर आठाच्या वर. तोच सूर्य, तीच चाळणी, तोच संगणक आणि दर वेळी वेगळा आकडा. दादाच्या उत्तरांत याला तोडगा नव्हता. तिने सुचवलेलं सगळं त्या मुलीने करून पाहिलं आणि शेवटी लिहिलं, 'सर, सूर्यच चुकतोय तर माझ्या ताऱ्यांवर मी विश्वास कसा ठेवू? प्रोग्राम उघडून पाहावा असं वाटतं, पण तुम्ही स्वतः असताना तुमच्या कामात हात घालायची माझी हिंमत नाही. तुम्हीच एकदा बघाल का?'

रविवारी सकाळी मी वर गेले तर जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप उघडून ती चाळणी बसवत होती. इतक्या लोकांना शिकवलं, पण स्वतः कधी बसवली नव्हती. दादाच्या जुन्या संगणकावर ती आधीपासून होतीच ना. दादाच्या सूचना शेजारी ठेवून ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. ग्राफ काढणारा एक जोडप्रोग्राम लागतो, तो आधी उतरवून घ्यायचा होता, ते दादाने शेवटच्या पानावर लिहिलं होतं. एका ओळीच्या टोकाला तिरकी रेघ द्यायची असते, ते तर लिहिलंच नव्हतं. पडदाभर लाल अक्षरं आली.

"किती आखडू माणूस आहेत गं हे," वहिनी म्हणाली.

"आत्ता कळलं तुला?"

ती हसली आणि तिरकी रेघ दिली. दुपारपर्यंत चाळणी बसली. सूर्य चालवला. आठ. परत चालवला. पावणेआठ. मग ती उठून दादाच्या खोलीत गेली, जुन्या संगणकावरचं कापड काढलं आणि तिथे सूर्य चालवला. साडेसात. परत, साडेसात. कितीही वेळा चालवा, साडेसात.

"त्या मुलीच्या घरातला बिघाड नाही हा," वहिनी खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली. "आपल्या तारेतला आहे. नव्या संगणकावर जो जो बसवेल त्याचं चुकणार."

मला त्या मुलीची नाही, दादाची काळजी वाटली. माझा दादा जन्मभर दुसऱ्यांना 'तुमचंच चुकलं' म्हणत आला, आणि आता चूक निघणार ती त्याची. जी मी इतके दिवस 'सही काढ, हे बरं नाही' म्हणून वहिनीच्या कानीकपाळी ओरडत होते, तीच मी पटकन म्हणाले, "लिहून टाक की सर प्रवासात आहेत. दोन महिने येणार नाहीत. तेवढ्यात ती दुसरा प्रोग्राम शोधेल."

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"ती उघडून बघायला तयार आहे," ती म्हणाली. "फक्त ह्यांच्यासाठी थांबलीय. हे आहेत असं मी म्हणत राहिले तर कुणीच हात लावायचं नाही. आणि तोवर सगळ्यांचे तारे चुकत राहणार."

ती बसली आणि लिहायला लागली. बराच वेळ लागला. एरवी ती धडाधड लिहिते. झाल्यावर लॅपटॉप माझ्याकडे फिरवला, "मोठ्याने वाच. काही चुकलं असेल तर सांग."

मी वाचायला लागले. "मी सरांची बायको. गेली दोन वर्षं उत्तरं मीच देत होते. मला ताऱ्यांतलं काही कळत नाही. जुन्या संगणकावर सूर्य बरोबर येतो, नव्यावर येत नाही, म्हणजे चूक प्रोग्रामात आहे, तुमच्यात नाही. कृपा करून उघडा आणि हात लावा. जे सापडेल ते उघडपणे लिहा, ह्यांचं नाव सांभाळू नका. सर..."

पुढचा शब्द 'गेले' होता. साऱ्या दुनियेला मी तो सांगितला होता, आणि वहिनीच्या अक्षरांत तो बघितला तर मला पुढे वाचवेना. मीच आधी रडले. वहिनीने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला, उरलेली ओळ मनात वाचली आणि मेल पाठवून दिला. एकट्या शंकेखोरला नाही, आजवर त्या पत्त्यावर लिहिणाऱ्या सगळ्यांना. तार तुटली की सगळ्या गल्लीला कळवावं लागतं, असं म्हणाली.

शंकेखोरने दोन दिवसांत चूक शोधली आणि आम्हाला समजेल असं लिहिलं. बेरीज मांडण्याआधी पाटी पुसायची असते. चाळणीत एका ठिकाणी दादाने पाटी पुसायला सांगितलंच नव्हतं, कारण त्याच्या संगणकावर ती आपोआप कोरी मिळायची. नवे संगणक तशी देत नाहीत, पाटीवर आधीचं जे काही खरडलेलं असेल त्यातच बेरीज पुढे चालू होते. तिने एक ओळ घातली. वहिनीने ती लॅपटॉपवर घालून सूर्य चालवला आणि साडेसात आलं. दादाचे स्वतःचे आकडे सगळे बरोबरच होते, हे तिने मला दोनदा सांगितलं. मुलीचा प्रबंध वेळेत जाणार होता.

बाकीच्यांची उत्तरं मात्र आम्हाला अपेक्षित नव्हती. पहिलं मोकळ्या जागेवाल्याचं आलं. ते वहिनीने स्वतः मोठ्याने वाचलं.

'बाई, सर गेल्याचं आम्हा जुन्या लोकांना तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर मी चाळणीबद्दल लिहिलं ते नुसतं बघायला, की पत्ता चालू आहे का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं आणि त्यात काळजी करू नका असं लिहिलेलं होतं. सरांनी मला दहा वर्षांत असं कधी लिहिलं नाही. घरातलं कुणीतरी आहे, एवढं आम्ही ओळखलं. तुम्ही नाव सांगत नव्हता, म्हणून आम्हीही विचारलं नाही. मागच्या खेपेला माझ्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा नव्हती. मी उगीच लिहिलं होतं.'

घाईवालीचंही तसंच आलं, थोडक्यात. आणखी दोघांचं आलं. सगळ्यांना माहीत होतं.

वहिनीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे ह्यांना कुणीच लिहीत नव्हतं," ती म्हणाली.

"नाही गं," मी म्हटलं. "तुला लिहीत होते."

तेव्हा ती रडली. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, खाली कुणीतरी शटर वाजवत होतं. मी वाजवू दिलं.